दोन ओळींची जागा

अक्का, तू गेल्यापासून जो येतो तो मला एकच विचारतो, "बहिणीला शुगर होती का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग कोरोनात दवाखान्यात होत्या का?" तेही नाही म्हटलं की माणूस हिरमुसतो. बुरशीने गेली म्हटल्यावर त्याला डोळा काढलेली, जबडा काढलेली माणसं आठवत असतात, आणि त्या माणसांना आधीचं काही ना काही दुखणं होतं हे त्याने तेव्हा टीव्हीवर ऐकलेलं असतं. तुझ्या बाबतीत ते जुळत नाही. शुगर नाही, बीपी नाही, निवृत्त होईपर्यंत आजारपणाची रजा नाही, रोज सकाळी जामनेरच्या रस्त्याने हात हलवत झपाझप चालणारी बाई. तिच्या मेंदूत बुरशी कशी होईल? लोकांना कारण सापडलं की बरं वाटतं, म्हणजे ते आपल्याकडे नाही असं म्हणत घरी जाता येतं. पहिले काही दिवस मी सगळ्यांना नीट समजावलं. आता "होती थोडी" म्हणते आणि चहा पुढे करते.

तुला हे मुळीच पटणार नाही. तू तर दवाखान्यातसुद्धा हे चालू दिलं नाहीस. डोक्याला पट्टी, हाताला सलाइन, आणि भेटायला आलेल्या तुझ्या शाळेतल्या बाईंना तू पडल्या पडल्या शिकवत होतीस. "कोरोनातली ती वेगळी. तिला लोक काळी म्हणतात, पण ती स्वतः काळी नसते. ती शिरते तिथलं मांस मरतं आणि काळं पडतं. माझी मुळातच काळी आहे." 'माझी' म्हणालीस. जशी काही तू ती आठवडी बाजारातून निवडून आणली होतीस. त्या बाई बिचाऱ्या मोसंबी घेऊन आल्या होत्या. मी तुझ्या पायाशी बसले होते. मला हसू आणि रडू एकदम आलं, म्हणून मी मोसंबी सोलायला घेतली.

बुरशीवरून आपलं भांडण जुनंच. माझं दोंडाईच्यात मिरची कांडप. सगळं आयुष्य मिरच्यांच्या ढिगात गेलं. माझ्या दारात आलेला माणूस शिंकल्याशिवाय परत जात नाही. मला बुरशी म्हणजे वैरीण. ओलसर मिरची पोत्यात राहिली की देठाजवळ पांढरं धरतं, मग काळं पडतं आणि एका पोत्याचा वास अख्ख्या खोलीला लागतो. माझ्याकडे उपाय एकच, ऊन. चांगल्या कडक उन्हात पसरून द्यायची. आई-आबा गेल्यावर माझं घर हेच तुझं माहेर, त्यामुळे तू दर उन्हाळ्यात यायचीस आणि मी फेकायला काढलेल्या बुरसट मिरच्या चष्मा कपाळावर सारून, नाकाजवळ धरून बघत बसायचीस.

"इमले, उन्हमा ती मरत नही. नुसती थांबस," तू म्हणायचीस. एरवी तुझी भाषा शाळेची, पण माझ्याशी तू आपलं घरचंच बोलायचीस, विमलची इमली करून.

"तुले काय माहीत? मी बठ्ठं आयुष्य मिरचीमा काढं."

"तू दखं नही, म्हणजे ती नही असं नही."

मरते की थांबते, यावर आपण किती उन्हाळे तोंड वाजवलं. तुझं म्हणणं, ती कोरडी पडून वाट बघते, जरा ओल मिळाली की उठते. माझं म्हणणं, उठून दाखव म्हणावं माझ्या पोत्यात. शेवटी कोणीतरी जेवायला हाक मारायचं आणि वाद पुढच्या उन्हाळ्यावर जायचा.

तुला माणसांपेक्षा बुरशीचं जास्त प्रेम आहे असं मी तुला तोंडावर म्हणायचे. पण त्याचा फायदाही मलाच झाला. कांडपाची मशीन घ्यायची ठरवली तेव्हा घरातले सगळे नको म्हणाले. बाईमाणसाला जमणार नाही, आवाज किती, धूळ किती. तू एकटी होतीस जिने हो किंवा नाही म्हणायच्या आधी विचारलंस, "ती चालते कशी?" आणि मी तुला सांगत गेले, मुसळं कशी वर जातात, खाली कशी पडतात, पट्टा कुठे फिरतो. सांगता सांगता मलाच कळलं की मला हे सगळं येतं. त्या एका प्रश्नावर माझं घर उभं राहिलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं गं, त्यात काय.

पहूरचं वर्ष तुला आठवतं का? तुझी पहिली नोकरी. मी दहावीला गणितात नापास झालेली, आबांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं आणि म्हणाले, "ही तुनी विद्यार्थी." मग घरी तू माझी अक्का आणि वर्गात माझ्या बाई. घरी तुझ्याशी भांडून मी शाळेत येऊन तुला 'नमस्ते बाई' म्हणायचे. तू धुळ्याहून बीएस्सी करून आलेली, अंगात नुसता उत्साह. मुलांना भाकरीचे तुकडे ओले करून डब्यात झाकून ठेवायला लावलेस, बुरशी कशी येते ते बघायला. दुसऱ्याच आठवड्यात एक आई शाळेत हजर. "बाई, अन्न नासवायला शिकवता का पोरांना?" तू तिला डबा उघडून दाखवलास. ती तोंडाला पदर लावून मागे सरकली, मग पुन्हा पुढे वाकली आणि म्हणाली, "रंग बाकी चांगला आला आहे."

त्याच वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "बाई, भाकरीवर बसायच्या आधी ती कुठे असते?" हवेत, मातीत, सगळीकडे, तू सांगितलंस. "मग आपल्यावर का नाही बसत?" तू खडू हातात घेऊन उभी राहिलीस. आपलं शरीर तिला येऊ देत नाही, एवढं सांगितलंस. ती मुलगी काही ऐकेना. "कधीच नाही? कोणालाच नाही?"

तेव्हा तू फळ्याकडे वळलीस, प्रश्न लिहिलास आणि त्याखाली बोटाने हवेत दोन रेघा मारल्यास. "माहीत नाही. जागा सोडा. दोन ओळी."

ती तुझी पद्धतच होती. जे येत नाही त्याचं काहीतरी ठोकून द्यायचं नाही. प्रश्न लिहायचा, खाली दोन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि उत्तर मिळेल तेव्हा भरायच्या. मोठ्या सरांनी तुला बोलावून सांगितलं, मुलांसमोर असं माहीत नाही म्हणू नये, शिस्त जाते. तू हो म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा सोडलीस. पावसाळ्यातल्या काही ओळी हिवाळ्यात भरल्या गेल्या, तू कुठून कुठून वाचून यायचीस आणि वर्गात शिरता शिरताच म्हणायचीस, "काढा ते पान." माझ्या वहीत तर कोऱ्या जागाच जास्त. त्यातल्या काही तू सोडायला सांगितलेल्या, बाकीच्या मी डुलक्या घेत होते म्हणून.

पुढे माझ्याशी बोलतानाही ते तुझ्या तोंडात बसलं. आपल्याला एवढं शिकवायचं आईच्या मनात कुठून आलं, तिला तर सहीसुद्धा येत नव्हती? जागा सोड. माझा नवरा बोलता बोलता असा गप्प का होतो? जागा सोड, इमले. फोनवर पलीकडून तू हसायचीस आणि मलाही जरा हलकं वाटायचं. प्रश्न तिथेच असायचा, पण तो आता दोघींचा झालेला असायचा.

भाऊजींना मात्र तू हे कधी म्हटलं नाहीस. त्यांच्यापुढे तुला सगळंच यायचं. बाजार समितीच्या कचेरीत जन्म काढलेला माणूस, कापसाच्या भावात तरी तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळणार की नाही? पण तिथेही तू "अहो, मी सांगते ना" करून पुढे. तुम्ही दोघंच घरात, मूल झालं नाही, त्यामुळे वाद घालायला माणूस एकच आणि तू तो वाद हरणं शक्य नव्हतं. ते वर्तमानपत्राच्या आड हसायचे. मला तुझं जिंकणं दिसायचं तसं त्यांचं मुद्दाम हरणंही दिसायचं.

गेल्या थंडीत तुझं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणालीस. मग एक दिवस फोन आला. "इमले, आज गंमत झाली. ह्यांच्याकडे चमचा मागायचा होता आणि तोंडातून आलं खडू. ह्यांनी घरभर खडू शोधला." आपण दोघी पोट धरून हसलो. मग तू म्हणालीस, "चमचा आणि खडू यांचा डोक्यात शेजार असेल का गं?" मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तू म्हणालीस, जाते, पण आधी अजून कोणते शब्द अदलाबदल होतात ते बघू दे. अशी बाई. दुसरी कोणी घाबरून देवाला नारळ बोलली असती.

मग स्वयंपाकघरात झटका आला, भाऊजींनी गाडी करून जळगाव गाठलं आणि मी दोंडाईच्याहून मिळेल त्या गाडीने आले. फोटोत मेंदूत गोल कडेची गाठ दिसली. आपल्याकडे अशी गाठ बहुतेक टीबीची निघते, डॉक्टर म्हणाले, पण उघडून बघायला हवं. उघडली. आतून पू निघाला, तो तपासायला गेला, आणि काही दिवसांनी ते आपल्याला सांगायला आले की ही बुरशी आहे. मला वाटलं माझ्या कानात मिरची गेली आहे.

"कुठून आली?" भाऊजींनी विचारलं.

"मातीत असते. कुजलेल्या लाकडात, पाल्यात. श्वासातून जाते का बारीक जखमेतून, नक्की सांगता येत नाही. चांगल्या धडधाकट माणसाला होते. फार क्वचित होते. त्यालाच का, ते आम्हाला माहीत नाही."

मी हळूच विचारलं, मिरचीतून? माझ्याकडच्या? त्यांनी मान हलवली, तसं काही म्हणता येणार नाही. भाऊजींचा चेहरा उतरला होता. आणि तू उशीवरून त्या डॉक्टरांकडे किती खुशीत बघत होतीस. माहीत नाही म्हणणारा माणूस तुला नेहमीच आवडायचा. आयुष्याचा प्रश्न होता तरी आवडला.

नंतर तू हट्ट धरलास. "मला ती बघायची आहे." डॉक्टर म्हणाले रिपोर्ट दाखवतो. तुला रिपोर्ट नको होता. शेवटी प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मॅडमना कोणीतरी सांगितलं की एक विज्ञानाच्या बाई स्वतःची बुरशी बघायला मागतात, आणि त्या स्वतः तुझ्या खाटेशी आल्या. तुला चाकाच्या खुर्चीतून नेलं. काचेच्या बशीत ती वाढलेली, झाकण पट्टीने घट्ट बंद. हिरवट काळी, मऊ, आईच्या ठेवणीतल्या मखमली पोलक्यासारखी. मग मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली, तुझी मान धरली, आणि तू एक डोळा मिटून बघितलंस. बराच वेळ बघितलंस.

"माळा आहेत," म्हणालीस. "लांबच लांब माळा. इमले, किती सुरेख शे."

अक्का, खरं सांगते, तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. तुझा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. तो तिनेच पाडला होता. आणि तू तिला सुरेख म्हणत होतीस. मी बाहेर गेले, तोंड धुतलं, परत आले, तर तू तिचं नाव पाठ करत होतीस. क्लॅडोफायलोफोरा बॅन्टियाना. मला येईना. तू म्हणालीस, "बरं, घरचं नाव बंटी ठेवू." मॅडम आधी दचकल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यानंतर तुझ्या खोलीत सगळे तिला बंटीच म्हणायला लागले. आज बंटी काय म्हणते, सिस्टर विचारायची.

त्या दिवशी मॅडमनी अजून एक सांगितलं. हिला ओळखायची एक खूण म्हणजे उष्णता. बऱ्याच बुरशा जिथे हात टेकतात तिथे ही वाढत राहते, चाळीस अंशाच्या पुढेही. आणि तो काळा रंग तिला उन्हापासून सांभाळतो. तू सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तुझं तोंड एका बाजूने हसत होतं, दुसरी बाजू हलत नव्हती.

"मंग ती खान्देशनीच शे," म्हणालीस. आणि वर, "उन्हमा मरत नही, सांगं व्हतं ना तुले?"

इतक्या उन्हाळ्यांचा वाद तू तिथे जिंकलीस. मॅडम मुंबईकडच्या, त्यांना भाषा कळली नाही, काय म्हणाल्या विचारू लागल्या. तूच त्यांना सांगितलंस, "माझ्या बहिणीचा आणि माझा एक जुना मुद्दा होता."

औषधं जबरदस्त होती. अंगात थंडी भरायची, जेवण जाईना. मधे बरं वाटलं म्हणून जामनेरला घरीसुद्धा सोडलं. तू मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहायचीस आणि समोर तुझा तो खताचा खड्डा. कागदी लिंबाच्या झाडाखाली तू तो किती वर्षं सांभाळलास. भाजीची देठं, चहाचा चोथा, लिंबाचा पाला, सगळं त्यात, आणि हाताने वरखाली करायचीस, हातमोजे तुला आवडत नसत. भाऊजी पूर्वी नुसते वासावरून कुरकुरायचे. आता त्यांनी तुला त्याच्याजवळ जायची बंदी केली. डॉक्टरांनी 'माती' आणि 'पाला' म्हटलं होतं, त्यांनी दोन्ही जोडून उत्तर तयार केलं होतं. तरी रोज विचारायचे, कुठून आलं असेल गं हे, नक्की त्या खड्ड्यातूनच ना? लिंबाचा काटा टोचला होता का कधी? तू त्यांना नेहमीसारखं अहो मी सांगते ना म्हणत नव्हतीस. नुसती बघायचीस.

मग ती पुन्हा वाढली. पुन्हा जळगाव, पुन्हा ऑपरेशन. या वेळी तुझे शब्दच गेले. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. मला तू 'इ' एवढंच म्हणायचीस, पण म्हणायचीस. काही दिवस एखादा शब्द कुठूनतरी वर यायचा आणि मी आणि भाऊजी तो झेलायला पुढे वाकायचो. चैत्रात तू गेलीस. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते, हे मला लागून राहिलं आहे आणि राहू दे.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि भाऊजींनी मिस्तरी बोलावला. सगळ्या परसाला शहाबादी फरशी. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत एक वीत माती दिसायला नको. खड्डा बुजवायचा, वरून काँक्रीट. मी भांडी घासत होते, तसेच ओले हात घेऊन बाहेर आले.

"भाऊजी, डॉक्टरांनी सांगितलं ना, ती सगळ्या मातीत असते. सगळ्या खान्देशला फरशी बसवणार का?"

"माझ्या घरापुरती बसवतो."

"तिचा जीव होता त्या खड्ड्यात."

"म्हणून तर गेला," ते म्हणाले. वाईट बोलले हे त्यांनाही कळलं. मिस्तरी दोरी धरून उभा होता, त्याला त्यांनी चहाला पाठवलं आणि पायरीवर बसले, तुझ्याच जागेवर.

मी त्यांच्यावर चिडायचं ठरवून आले होते, अक्का. पण त्यांचा शर्ट उलटा होता. शिवण बाहेर दिसत होती, आणि ते सकाळपासून तसेच सगळ्यांसमोर फिरत होते, कोणी काही बोललं नव्हतं. मी खाली बसले.

"विमल, एक सांगू?" ते म्हणाले. "शेवटी तिने मला उठवलं."

"उठवलं म्हणजे?"

"मी स्टुलावर बसलो होतो. तिचा हात धरला होता. किती दिवसांनी तोंडातून स्पष्ट शब्द आले. म्हणाली, जागा सोडा. मी म्हटलं काय? तर पुन्हा तेच, जागा सोडा. आणि 'दोन' म्हणाली. मला वाटलं दोन मिनिटं तरी बाहेर जा म्हणते. गेलो. रागच आला होता मला, खोटं कशाला बोलू. जन्मभर बरोबर राहिलो, आणि मी जवळ बसलेलाही नको झालो? बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. परत आत गेलो तेव्हा तिने डोळे मिटलेले होते. त्यानंतर ती बोललीच नाही."

मी म्हटलं, "त्याच्या आधी तुम्ही तिला काय म्हणाला होतात?"

"काही नाही."

"आठवा."

"रोजचंच. विचारलं, कुठून आलं गं हे सगळं."

अक्का, मी तिथे पायरीवर बसून हसायला लागले. भाऊजी घाबरून माझ्याकडे बघत राहिले. बाईचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. मग हसण्याचं रडणं झालं, ते आवरलं, आणि मी त्यांना पहूर सांगितलं. तो वर्ग, ओल्या भाकरीचा डबा, फळ्यावर प्रश्नाखाली हवेत मारलेल्या दोन रेघा. मोठ्या सरांची बोलणी. काढा ते पान. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्नाआधीची गोष्ट, आणि नंतर तू त्यांच्यापुढे कधी अडलीच नाहीस तर माहीत होणार कसं?

"मुलांना म्हणायची, जागा सोडा?"

"हो. सगळ्या वर्गाला. दोन ओळी."

"मला कधीच नाही म्हणाली."

"तुमच्यापुढे तिला हरायचं नसायचं, भाऊजी."

त्यांनी खड्ड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मला उठा नाही म्हणाली."

"नाही. तुम्हाला वर्गात बसवलं तिने."

हे मी अगदी ठामपणे सांगितलं. मागाहून आडवी पडले तेव्हा मनात आलं, मी कशावरून एवढी ठाम? तुझे शब्द तेव्हा जागेवर नव्हते. सुरुवातीलाच चमच्याला खडू म्हणाली होतीस. कदाचित तुला खरंच स्टूल सरकवून हवं असेल, कूस बदलायची असेल, दोन घोट पाणी हवं असेल. मला म्हणताना तू 'सोड' म्हणायचीस आणि नवऱ्याला 'सोडा'च म्हणणार, वर्गालाही 'सोडा'च; आपली भाषा इथे मला काहीच मदत करत नाही. मी सगळीकडून विचार करून बघितला. तुला विचारता आलं असतं तर तूही डोळे बारीक करून म्हणाली असतीस, खरंच गं, कोणत्या अर्थाने म्हणाले असेन? तुला आवडला असता हा प्रश्न.

मधे एक दिवस मी दोंडाईच्याला जाऊन आले. मशीन बंद ठेवून चालत नाही. पोतं उघडलं तर तळाशी ओल लागलेली, देठांवर काळं धरलेलं. नेहमीसारखी सुपात घेऊन फेकायला निघाले आणि दारात थांबले. एक मिरची उचलून उजेडाकडे धरली. मला माळा दिसल्या नाहीत, नुसती काजळी दिसली. तुझ्यासारखी नजर मला नाही, आणि ती तुझी बंटी नसणारच. तरी जरा वेळ बघत उभी राहिले. कामाला आलेल्या बाईने विचारलं, "काय दखी राह्यनी, मावशी?" मी म्हटलं, काही नही. मग ते सगळं फेकून दिलं, हात साबणाने दोनदा धुतले आणि बाकीची मिरची उन्हात पसरली. थांबते तर थांबते. धंदा मला करायचा आहे.

जामनेरला परत आले तेव्हा मिस्तरीचं काम निम्म्यावर आलं होतं. दारापासून फरशी बसत बसत लिंबाच्या सावलीपर्यंत पोचली होती. भाऊजी पायरीवर बसले होते, आज शर्ट सुलटा होता. मी चहा केला, त्यांचा त्यांना दिला आणि दाराला टेकून उभी राहिले. घर त्यांचं, बायको त्यांची, माझं बोलायचं ते बोलून झालं होतं.

मिस्तरीने कपाळ पुसलं आणि खड्ड्यापाशी उभा राहून विचारलं, "साहेब, हा भरून घेऊ ना आता?"

भाऊजींनी कप खाली ठेवला.

"नको," ते म्हणाले. "तेवढी जागा सोडा."

"किती सोडू?"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"दोन ओळी."

मिस्तरीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्याने फरशीच्या दोन ओळी मोजल्या, खडूने खूण केली आणि पलीकडून पुढचं काम सुरू केलं.